खडकेश्वराजवळ पेंटहाऊस घ्यावं का? (आत लॉफ्ट पण आहे म्हणे)

ढाळज

मंडळी, सल्ला पाहिजे. जरा लांबण लागेल.

धाकटा भाऊ अकरा वर्षांपासून जर्मनीत आहे. आता परत यायचं म्हणतोय, आणि तेही पुण्यात नाही, आपल्याच गावात. गाव म्हणजे औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. (नावावरून कुणी सुरू होऊ नका, मागच्या धाग्याला त्यापायीच कुलूप लागलं.) गावातही त्याला सिडको नको, बीड बायपास नको. जुन्या शहरातच पाहिजे. आमचं लहानपण गुलमंडीच्या मागच्या गल्लीत गेलंय, तिकडच्या थंडीत त्याला ते सगळं आठवत असणार.

तर त्याला एक जाहिरात सापडली. खडकेश्वर ते नागेश्वरवाडी या पट्ट्यात, आतल्या गल्लीत, एक वाडा पाडून इमारत उभी राहिलीये. खाली पार्किंग, वर पाच मजल्यांवर पाच फ्लॅट आणि त्यांच्या डोक्यावर दुमजली 'हेरिटेज स्काय पेंटहाऊस लॉफ्ट'. दुप्पट उंचीचा हॉल, वाड्याच्या मूळ सागवानी तुळया, वर काचेच्या कठड्याचा लॉफ्ट बेडरूम, तिन्ही बाजूंनी गच्ची, मकबऱ्याचा देखावा. ३,९०० चौरस फूट, भाव २ कोटी ४० लाख. दसऱ्याच्या आत ५० लाख भरले तर मॉड्युलर किचन फुकट.

आईला फोटो दाखवले. लॉफ्ट म्हणजे काय, तिनं विचारलं. मी म्हटलं, माळा. "माळ्यासाठी एवढे पैसे? माळ्यावर आपण पितळी पातेली ठेवतो."

रविवारी जाऊन बघून आलो. खरं सांगतो, गच्चीवर पाय ठेवला आणि बोलती बंद झाली. उत्तरेकडं टेकड्या, अलीकडं मकबऱ्याचे मिनार, खाली जुन्या शहराचे पत्रे, काळ्या टाक्या आणि मधूनच उरलेलं एखादं माळवद, म्हणजे लाकूड-मातीचं सपाट जुनं छत. भावाला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर तो काही बोलेचना. आमच्या दोघांचंही डोकं सध्या ठिकाणावर नाही, म्हणून इथं टाकतोय.

परभणीकर

भाऊ जर्मनीत आहे ना? मग परभणीत घ्या. जगात जर्मनी, भारतात परभणी. त्याला बदल जाणवणार पण नाही.

पैठणगेटकर

गल्ली कोणती ते विचारत नाही, पण त्या पट्ट्यात मी तीस वर्षं सायकल चालवली आहे. एकच सांगा. चारचाकी दारापर्यंत गेली का? की कोपऱ्यावर लावून चालत गेलात?

ढाळज

@पैठणगेटकर काका, कोपऱ्यावर लावली. समोरून भाजीचा गाडा आला तेव्हा एजंट साहेबांना स्वतः उतरून तो मागं सारावा लागला.

पैठणगेटकर

मग अग्निशमनची गाडी कशी जाणार, याचं उत्तर आधी काढा. जुन्या शहरात इमारतीच्या उंचीची परवानगी पुढच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. गाड्याला वाट नाही तिथं एवढी उंची कोणत्या रस्त्याच्या आधारावर मिळाली ते मंजूर नकाशावर लिहिलेलं असतं. कधीकधी कागदावरचा रस्ता विकास आराखड्यातला असतो, म्हणजे पुढेमागे रुंद होणारा. तो होईल तेव्हा होईल.

निवृत्त_पाणीवाला

मी पाणीपुरवठ्यात नोकरी काढली, त्यामुळं मला मकबरा दिसत नाही, टाकी दिसते.

आपल्या शहराला पाणी जायकवाडीहून येतं, पन्नासेक किलोमीटरवरून उपसून. धरण १०२ टीएमसीचं, पाण्याला तोटा नाही, तोटा आहे तो नळाला. जुन्या शहरात किती दिवसांआड पाणी येतं ते तुम्हाला मी सांगायला नको. आपण सहा दिवस धरू.

आता हिशेब. घरं सहा, घरटी पाच माणसं, म्हणजे तीस. माणशी रोज १३५ लिटर हा शहरी पुरवठ्याचा नेहमीचा मापदंड. रोजचे झाले ४,०५०. सहा दिवसांचे २४,३००. एवढा साठा हौद आणि वरची टाकी मिळून आहे का? एजंटला विचारू नका, तो "भरपूर आहे" म्हणेल. टेप घेऊन जा. हौदाची लांबी, रुंदी, पाण्याची खोली मीटरमध्ये मोजा, गुणाकार करा, हजारानं गुणा, लिटर निघतील. गच्चीवर त्यांनी झाडं लावलेली असतील तर त्यांचं वेगळं धरा.

दुसरं. टँकर त्या गल्लीत येतो का? गाड्याला वाट नाही म्हणता, मग टँकर कोपऱ्यावर उभा राहणार आणि पाइप ओढत आणणार. पाइपचे पैसे वेगळे.

सगळ्यात वरच्या माणसाला वाटतं टाकी माझ्या डोक्यावर, पाणी पहिलं मला. उलटं असतं. टाकी आणि नळ यात उंचीचं अंतर सगळ्यात कमी तिथंच, म्हणून धार बारीक. तुमच्या त्या लॉफ्टमधल्या शॉवरला तर टाकीचा तळ जेमतेम वर असेल. प्रेशर पंप बसवावा लागेल आणि लाइट गेली की तोही गप्प.

गंमत बघा. याच गावात मलिक अंबरनं सतराव्या शतकात नहर आणली. जमिनीखालून खापरी नळ, मध्ये मध्ये दाब मोकळा करायला उंच बंबे, आणि पाणी नुसत्या उताराच्या जोरावर शहरभर. पानचक्कीत अजूनही भिंतीवरून पडताना दिसतं. एक युनिट वीज लागत नव्हती. पण त्यालाही सहाव्या मजल्यावर चढवता आलं नसतं, उगमाच्या वर पाणी जात नाही.

अंबडची_सून

काका 🙏 वाचनखूण साठवली.

मी जालन्यात सगळ्यात वरच्या मजल्यावर राहते. मार्च उजाडला की आमच्याकडं रंगारी येतो आणि गच्चीला पांढरा चुना मारतो, तरी एप्रिलात रात्री अकरा वाजता छताला हात लावला तर चटका बसतो. स्लॅब दिवसभर पितो आणि रात्रभर ओकतो. पूर्वी संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचे. आता प्यायला नाही, तर मारायचं कुठून?

दादा, हॉलची मोठी काच कोणत्या दिशेला आहे? पश्चिमेला असेल तर मकबऱ्याऐवजी पडदाच बघत बसाल. चार ते सात. आणि दुप्पट उंचीचा हॉल म्हणजे एसीचं बिलही दुप्पट. गरम हवा वर चढते, म्हणजे लॉफ्टमध्ये झोपणाऱ्याच्या अंगावर.

ढाळज

ताई, पश्चिमेलाच आहे. 😐

लातुरी_मिरची

आमच्या आज्जीचं घर माळवदाचं होतं. सागवानी लादणी, वर चिल्हारी न् पांढऱ्या मातीचा हातभर थर, मधी सवणं, म्हंजे उजेडाचं भोक. भर उन्हाळ्यात दुपारी त्या सवण्यातून एकच कवडसा खाली यायचा आन् घर गार. तुम्ही लोक तेच पाडायलात आन् त्याच्याच जागी काचंचं बांधायलात.

पण एक खरं सांगते, म्या माळवदाचं गुणगान फार गात न्हाई. ३० सप्टेंबर १९९३, पहाटं ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारीकडं दगडमातीच्या भिंती आन् त्याच जड माळवदाखाली माणसं गेली. तवा जुनं म्हंजे सोनं असं कुणी म्हणलं की माझ्या पोटात गोळा येतो. नवं बांधलंय ते बरंच हाय. फक्त आर्किटेक्टला सोडून स्ट्रक्चरल इंजिनिअर कोण होता ते इचारा. दुप्पट उंचीचे खांब सहाव्या मजल्यावर उभे केलेत, खालच्या खांबांवर ते नीट बसलेत का, का मधीच तुळईवर उभे हायत?

उंटावरचा_शहाणा

सगळे घाबरवायलेत कामून? भावाकडं युरो आहेत, त्याला हवा खाऊ द्या. मी म्हणतो घ्या. दहा वर्षांनी दुप्पट होतील.

पैठणगेटकर

@उंटावरचा_शहाणा मागच्या धाग्यात तुम्ही याच सुरात शेंद्र्याला प्लॉट घ्यायला सांगितला होता.

उंटावरचा_शहाणा

त्याचं अजून होणारच आहे.

वकीलीणबाई

आता मी बोलते. फुकटचा सल्ला आहे, फुकटाइतकाच धरा आणि स्वतःचा वकील लावा.

१. जाहिरातीवर महारेराचा, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर आहे का? नसणार, असा माझा अंदाज. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल किंवा घरं आठाच्या वर नसतील तर नोंदणीची सक्ती नाही. तुमची घरं सहा. 'बुटिक प्रोजेक्ट' म्हणून जे विकतात त्यातलं पुष्कळसं या फटीतून जातं. बेकायदा काही नाही, पण रेराची ढाल तुम्हाला मिळत नाही. मग उरतो १९६३ चा मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा जुना फ्लॅट-मालकी कायदा. रेरात बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर पाच वर्षं, मोफात तीन.

२. करार नोंदवायच्या आधी रेरात १० टक्क्यांच्या वर पैसे घेता येत नाहीत, मोफात २० टक्क्यांच्या वर. तुमचे २० टक्के होतात ४८ लाख. ते ५० मागतायत. किचन फुकट नाही, दोन लाखांनी कायदा मोडून घ्यायचंय.

३. ३,९०० हा आकडा विसरा. चटईक्षेत्र, म्हणजे घराच्या आतलं प्रत्यक्ष वापरायचं क्षेत्र, लेखी मागा.

४. मूळ वाडा कुणाचा? मालमत्ता पत्रकावर किती वारस, मुलींची हक्कसोडपत्रं नोंदवलेली आहेत का? आपल्याकडं भाऊ परस्पर व्यवहार करून टाकतात आणि सासरी गेलेल्या बहिणीची आठवण कोर्टाची नोटीस आली की होते. वाड्यात जुने भाडेकरू होते का? मराठवाड्यात २००० सालापर्यंत हैदराबादचाच भाडेनियंत्रण कायदा चालत होता, त्या काळातला एखादा भाडेकरू पावत्या जपून बसलेला असू शकतो.

५. निजामाच्या काळातले कागद उर्दूत असतात आणि साल फसली, म्हणजे जुन्या महसुली कालगणनेतलं. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतं. फसली १३४५ बघून "हे तर चौदाव्या शतकातलं" म्हणणारे पक्षकार मी पाहिलेत. जमीन कधीकाळी इनामी, मदतमाश (उपजीविकेसाठी दिलेली) किंवा वक्फची नव्हती ना, हे त्याच कागदांतून कळतं. उर्दू वाचणारा जाणकार माणूस शहागंज भागात चौकशी केलीत तर मिळेल. तो सापडणं हे वकील सापडण्याहून महत्त्वाचं.

६. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला वापरण्याची महापालिकेची परवानगी. मिळालं असेल तर जीएसटी नाही. नसेल तर ५ टक्के, म्हणजे बारा लाख जास्तीचे. मुद्रांक आपल्याकडं सध्या ६ टक्के, १४ लाख ४० हजार. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट, २ लाख ४० हजार वाचतात. वहिनींना विचारा.

मकबऱ्याची काळजी करू नका. संरक्षित स्मारकापासून १०० मीटर बंदी आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित, असा केंद्राचा नियम आहे. तुमची जागा तिथून कितीतरी लांब आहे.

गोदाकाठचा

भाऊ जर्मनीतून मुखत्यारपत्र पाठवणार असेल तर भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्या, आणि इथं पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरा. आमच्या नांदेडला एकाचा तारीख उलटून गेल्यानं सगळा खेळ पुन्हा झाला.

सुताराचा_पोर

पोस्ट वाचून पहिली शंका मला आली ती तुळयांची. "वाड्याच्या मूळ सागवानी तुळया" असं आजकाल सगळेच लिहितात. निम्म्या ठिकाणी लोखंडी चौकटीवर प्लाय मारून वर सागाचा पापुद्रा चिकटवलेला असतो. बोटानं टकटक करा, पोकळ आवाज आला की समजा. अस्सल असेल तर वाकसानं (लाकूड तासायच्या हत्यारानं) तासल्याच्या खुणा हाताला लागतात, जुन्या सांध्यांची भोकं असतात, खिळ्याऐवजी लाकडी खुंट्या. आणि मधल्या तुळईला कडी असतेच. पाळण्याची.

परभणीकर

धागा वाचून मला माझंच घर आवडायला लागलंय.

ढाळज

मंडळी, परत जाऊन आलो. सोबत आमच्या शाळेतला मित्र होता, इंजिनिअर आहे. टेप नेली होती. एजंट साहेबांचा चेहरा टेप बघितल्यावरच उतरला.

पाणी: हौद बारा हजारांचा, वरच्या टाक्या चार हजार. सोळा. काकांचा हिशेब २४,३००. विचारल्यावर म्हणाले, "नवी योजना झाली की रोज येणार आहे, सर." टँकर आजवर कोपऱ्यावरच थांबलाय, हे खालच्या मजल्यावरच्या मावशींनी सांगितलं. त्यांनी आणखीही सांगितलं, ते पुढं.

भोगवटा "पंधरा दिवसांत". मावशी दिवाळीपासून राहतायत आणि तेव्हापासून पंधरा दिवसच चालू आहेत.

आता मुख्य. मी मंजूर नकाशा मागितला. आधी "ऑफिसला आहे" झालं. आम्ही म्हटलं, चला ऑफिसला. तिथं तासभर बसवून शेवटी दाखवला. मित्रानं तो मेजावर पसरला आणि हसायलाच लागला.

नकाशात सातवा मजला नाहीच. सहावा आहे, उंच छताचा, आणि त्याच्या एका बाजूला जिथं काचेचा कठडा, बेडरूम, बाथरूम सगळं आहे, तिथं बारीक अक्षरात लिहिलंय: लॉफ्ट, साठवणीसाठी.

म्हणजे माळा! आईनं फोटो बघून जे सांगितलं तेच महापालिकेच्या शिक्क्यानिशी.

चटईक्षेत्र त्यांनी लेखी दिलं, २,१५० चौरस फूट. त्यातले ६४० या माळ्याचे. ते काढले तर राहतात १,५१०. एकूण रक्कम त्यानं भागा, फुटाला पंधरा हजार नऊशेच्या आसपास. जाहिरातीच्या हिशेबानं तो सहा हजार एकशे चोपन्न होता.

वकीलीणबाई

बँकेचा व्हॅल्युअर नकाशावर जेवढं आहे तेवढ्याचंच मूल्य धरेल. कर्ज नको असलं तरी एकदा बँकेकडून मूल्यांकन करून घ्या असं मी यासाठीच सांगते. उद्या भोगवटा देताना "राहण्याचा वापर बंद करा" म्हणाले तर तुमच्या बेडरूममध्ये पितळी पातेलीच ठेवावी लागतील. आईंना माझा नमस्कार सांगा.

गच्चीचं काय?

ढाळज

तेच सांगत होतो. नकाशात सार्वजनिक जिना थेट वरच्या गच्चीपर्यंत जातो. प्रत्यक्षात पाचव्या मजल्यावर त्याला सागवानी नक्षीचं दार लावून कुलूप घातलंय, शेवटचा जिना पेंटहाऊसच्या आत घेतलाय. वरच्या गच्चीवर सगळ्यांच्या टाक्या आणि सोलर. मावशींचं गाऱ्हाणं हेच: टाकी धुवायला माणूस आणला तर किल्ली बिल्डरच्या माणसाकडं, आणि तो फोन उचलत नाही. उद्या ती किल्ली माझ्या भावाकडं येणार. तो वर्षातले काही महिने तिकडंच. खालची पाच घरं त्याला जर्मनीत फोन करणार, "टाकी वाहायलीये, दार उघडा."

तिन्ही बाजूंची गच्ची म्हणून विकतायत ती दोन भागांत आहे. हॉलला लागून एक, ती नकाशात फ्लॅटला जोडलेली आहे, ठीक. मकबरा दिसतो ती मात्र वरची.

निवृत्त_पाणीवाला

म्हणजे देखावा सामायिक आहे. मावशींचाही आहे.

वकीलीणबाई

बरोबर. सामायिक गच्ची बिल्डरला विकता येत नाही, ती सोसायटीकडं जाते. खालच्या पार्किंगबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये हेच ठरवलंय, स्टिल्ट पार्किंग हा वेगळा फ्लॅट नाही, बिल्डरनं तो विकायचा नाही. तुमच्याकडून पार्किंगचे वेगळे पैसे मागितले का?

ढाळज

सहा लाख. "भेट म्हणून निम्मे."

उंटावरचा_शहाणा

घासाघीस करून दीड कोटीला येत असेल तर अजूनही घ्या.

पैठणगेटकर

कुठं लक्ष देता. भाऊ काय म्हणतोय?

ढाळज

भावाशी काल दोन तास बोललो. आधी चिडला. माझ्यावरच, की मी मुद्दाम खोट काढतोय, मला तो परत यायला नकोय. मग नकाशाचा फोटो पाठवला. मग बराच वेळ शांत. मग म्हणाला, जर्मनीत तळघरसुद्धा राहतं म्हणून भाड्यानं द्यायचं तर छताची उंची मोजायला माणूस येतो. मग परत शांत.

पैसे भरायचे नाहीत, एवढं ठरलं. दिवाळीत येणार आहे, तेव्हा औरंगपुरा, समर्थनगरकडं दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरचं काही बघू. भोगवटा असलेलं. आईला लिफ्ट बंद पडली तरी चढता आलं पाहिजे, हे आमच्या दोघांपैकी कुणाच्या आधी लक्षातही आलं नव्हतं.

आणि @सुताराचा_पोर, तुमचं काम केलं. टकटक केली. चार तुळयांपैकी तीन पोकळ. चौथी भरीव. शिडी मागून वर चढलो, हात फिरवला, वाकसाच्या खुणा आहेत. मधोमध कडी आहे, आतून घासून घासून चकचकीत झालेली. त्या घरात किती पोरं झोपली असतील त्या कडीला.

खाली उतरून एजंटला विचारलं, फ्लॅट राहू द्या, ही तुळई विकता का. तो म्हणाला, "सर, तसंही ती स्ट्रक्चरल नाहीये, डेकोरेटिव्ह आहे. साहेबांना विचारून सांगतो."

सुताराचा_पोर

घेतलीत तर लांबी सांगा. कापू देऊ नका. टेम्पो मी बघतो.

परभणीकर

भाव काय सांगितला?